मुलं शाळेत जात नाहीत, मग दिवसभर करतात काय?

मुठाकाठ

इथल्याच मराठी माध्यमाच्या चर्चेच्या धाग्यावर मी ओघात लिहून गेले की आमची दोन्ही मुलं शाळेत जात नाहीत, आणि तो धागा जो घसरला तो घसरलाच. त्या धागाकर्त्यांची क्षमा मागून इथे वेगळी चूल मांडते. व्यनितून, म्हणजे खाजगी निरोपांतून, आलेल्या प्रश्नांत कायदा, दहावी, 'समाजात मिसळणार कशी' हे सगळं होतंच, पण सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न अगदी साधा होता: दिवसभर करतात काय? मी तेवढंच सांगते. बाकीचं जाणकार सांगतीलच.

घरात आम्ही पाच जण. थोरली अकरा वर्षांची, धाकटा सातचा. नवरा हिंजवडीला जातो. मी छोट्या दुकानदारांचे हिशेब आणि जीएसटीची कामं घरून करते. आणि अण्णा, म्हणजे माझे सासरे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. हो, मुख्याध्यापक. राहायला पुण्यात, सिंहगड रोडला.

थोरली तिसरीपर्यंत शाळेत होती. का काढली ते इथे उगाळत नाही. धाकटा बालवाडीनंतर कुठेच गेला नाही. घरी शाळा भरवणारे पालक असतात, त्यांच्याकडे वेळापत्रक असतं, इयत्तेची पुस्तकं असतात, मार्चमध्ये परीक्षासुद्धा होते. आमच्याकडे यातलं काही नाही. मुलांना ज्याचा नाद लागेल ते त्यांनी करायचं, अडलं की विचारायचं, आणि मोठ्यांनी आपापली कामं त्यांच्या डोळ्यांसमोर करायची. अनस्कूलिंग म्हणतात ते हेच.

सकाळ निवांत असते. साडेसहापासून गेटवर व्हॅनचे हॉर्न वाजतात, आमच्याकडे तेव्हा फक्त अण्णा उठलेले असतात. धाकटा उठला की त्यांच्या मागे मागे. शाळा सोडण्याला अण्णांचा विरोध होता, आजही आहे, पण वेळ देताना त्यांनी कधी हात आखडला नाही. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे त्यांना अजून तोंडपाठ आहेत. थोरलीने पाढ्यांना साफ नकार दिला. धाकट्याला मात्र दिडकीचा नाद लागला, कारण भाजीला तो अण्णांबरोबर जातो आणि आमच्याकडे कांदे-बटाटे दीड किलोच येतात. चाळीस रुपये किलो म्हटलं की मावशींनी कॅल्क्युलेटर उघडायच्या आत याने साठ म्हणायचं, हा त्यांचा खेळ. सव्वा किलोला अजून अडखळतो.

वाचनाचं मात्र घरात सगळ्यांनाच टेन्शन होतं. सात पूर्ण होत आले तरी पठ्ठ्या वाचेना. गोष्टी ऐकायच्या, चित्रं बघायची, अक्षरांचं नाव नको. गुरुवारी अण्णा ज्येष्ठांचा पास खिशात घालून पीएमपीच्या बसने गावात जातात, कधी मंडई, कधी लक्ष्मी रोड, कधी नुसतंच. नातू बरोबर. तर या मुलाने आयुष्यात पहिल्यांदा जे वाचलं ते बसच्या कपाळावरचं 'न. ता. वाडी'. अक्षरं सुटी सुटी होती म्हणून जमलं असावं. मग हे नता कोण? नरवीर तानाजी. ते कोण? ४ फेब्रुवारी १६७० ची रात्र अण्णांनी बसमध्येच अशी रंगवली म्हणे की पुढच्या सीटवरची माणसं मागे वळून ऐकत होती. नंतर आठवडाभर आमच्या सोफ्याच्या पाठीवरून कोंढाणा सर होत होता आणि मी पडलेल्या उशा गोळा करत होते. कात्रज, धायरी, वडगाव या पाट्या पाठोपाठ आल्या. 'स्वारगेट'मधल्या 'स्वा'ने बरेच दिवस छळलं.

थोरलीचं वेगळं. खालच्या मजल्यावरच्या काकू ब्लाउज शिवतात. त्यांच्याकडे ही आधी नुसती चिंध्या गोळा करायला जायची, बाहुल्यांसाठी. मग काजं करायला बसली, मग पायमशीन. आता कापड बेतताना छातीच्या मापाचा चौथा हिस्सा काढून त्यात शिवणीचा दीड इंच धरायचा हे ती तोंडी करते. साडेतेहेतीसचा चौथा हिस्सा तोंडी काढून बघा बरं. काकू तिला पैसे देत नाहीत, पण अस्तर कापायला देतात, आणि तिच्या लेखी तो मान मोठा आहे.

आता दुपार. एक ते चार हा आमच्या घरातला सगळ्यात वाईट वेळ, हे लपवण्यात अर्थ नाही. सोसायटीत चिटपाखरू नसतं. ऊन असतं. माझ्यामागे काम असतं. दोघांची भांडणं याच वेळात होतात आणि मोबाईलही याच वेळात हातात जातो. महिन्याच्या अकरा आणि वीस तारखेच्या आसपास, म्हणजे रिटर्न भरायच्या मुदतीला, माझ्याशी कोणी बोलायचं नाही असा घरात अलिखित नियम आहे. अशाच एका वीस तारखेला थोरली कंटाळून शेजारी येऊन बसली आणि बिलं बघायला लागली. म्हणाली, याच्यावर सीजीएसटी नऊ टक्के आणि एसजीएसटी पुन्हा नऊ टक्के, एकाच वस्तूवर दोनदा का घेतात? मी एक दिल्लीला जातो, एक मुंबईला, एवढंच सांगितलं. दिल्लीला का? मग त्यांनी त्याचं काय केलं? मग पाण्याचं बिल येतं ते कोणाला? रिटर्न त्या रात्री साडेअकराला भरलं गेलं, पण केंद्र, राज्य आणि महापालिका हा नागरिकशास्त्राचा धडा माझ्याकडून झाला.

माझं म्हणणं इतकंच, की मुलांना शिकवायला फार वेळ लागतच नाही. वेळ लागतो तो मुलं भोवती असताना आपलं काम करत राहायला. बाहेरून बघणाऱ्यांना वाटतं आम्ही मुलांचा दिवस बदलला. त्यांचा होता तसाच आहे, खेळ, खाणं, भांडण. बदलला तो आमचा.

नारायणपेठी

छान लिहिलंय. दिडकी वाचून आमचे मास्तर आठवले, त्यांची छडीही आठवली.

आता पुणेरी शंका. एक, दहावीचं काय. दोन, कायद्याने हे चालतं का. तीन, उद्या मुलगा म्हणाला की मला डॉक्टर व्हायचंय, तर त्याला न. ता. वाडीच्या बसमध्ये बसवणार का? आमच्या काळी शाळा बुडवणाऱ्याला पेरूगेटापाशी पकडून कान धरून परत आणत. कान धरणारा बहुतेक वेळा शेजारीच असे.

चाकोरीबाहेर

पहिल्या दोन शंकांना मी उत्तर देतो, आमचा मुलगा सतरा वर्षांचा आहे आणि आम्ही यातून गेलोय.

कायदा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, वय ६ ते १४. त्याच्या कलम १० मध्ये मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय. पण ते न करणाऱ्या पालकाला दंड किंवा शिक्षा सांगणारं कलम त्या कायद्यात नाही. घरी शिकवण्याला परवानगी देणारं कलमही नाही. म्हणजे आपण मधल्या जागेत उभे आहोत, आणि हे माहीत असूनच उभं राहावं. 'कायदेशीर आहे हो' असं ठणकावून सांगणाऱ्यांपासून दोन हात लांब राहा.

दहावी. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस. केंद्र सरकारची आहे, १९८९ पासून चालू आहे, विभागीय केंद्र पुण्यात आहे. दहावीला बसायला वय १४ पूर्ण लागतं, आधीच्या इयत्तांचे निकाल लागत नाहीत. पाच विषय, त्यात निदान एक भाषा. नोंदणी पाच वर्षं चालते आणि तेवढ्यात नऊ संधी मिळतात, त्यामुळे एकेक-दोनदोन विषय करून देता येतात. परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. माध्यमांत मराठी आहे. विषय निवडताना पुढे काय करायचंय ते आधी बघा. गणित न घेता दहावी होते म्हणून मुलं खूश होतात आणि दोन वर्षांनी तेच गणित आडवं येतं.

राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसायचा, सगळ्यांना माहीत असतो, पण तिथे शाळा सोडल्याचा दाखला मागतात. मुठाकाठ, थोरलीचा तिसरीचा दाखला जपून ठेवा, लॅमिनेट करू नका. धाकट्याकडे दाखलाच नसणार, त्याच्यासाठी एनआयओएस किंवा महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ. या दुसऱ्याच्या पाचवी आणि आठवीच्याही परीक्षा असतात. ज्या आजोबांना नातवाचा काहीतरी कागद बघायचाच असेल त्यांच्यासाठी हा मार्ग उत्तम.

आमचा मुलगा सध्या बारावीचे विषय देतोय आणि अर्धा दिवस सायकलच्या दुकानात काम करतो. डॉक्टरच्या शंकेला माझ्याकडे उत्तर नाही, त्याला रक्त बघून चक्कर येते.

दहावी_ब

मी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका आहे. लेख आवडला, आणि आवडला म्हणूनच जरा स्पष्ट लिहिते.

दरवर्षी आम्ही शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण करतो. वाघोलीकडची बांधकामं, मांजरीकडच्या वीटभट्ट्या, सिग्नल, पुलाखालच्या पालांवर जातो. तिथेही मुलं दिवसभर मोठ्यांच्या शेजारी असतात, मोठी माणसं आपली कामं त्यांच्या डोळ्यांसमोर करतात. नऊ वर्षांची मुलगी कडेवर भाऊ घेऊन वाळू चाळत असते. तिलाही दीडपट येते, मजुरीच्या हिशेबामुळे. तिला आपण अनस्कूलिंग म्हणत नाही.

ज्या शहरात १८४८ साली भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली, जिथे शाळेत जाताना सावित्रीबाईंनी अंगावर शेण झेललं, तिथे शाळा ही नकोशी गोष्ट आहे असं वाचताना मला त्रास होतो. तुमच्या थोरलीला शाळेची गरज नसेल. कारण तिच्या घरात आजोबा मुख्याध्यापक आहेत, आई हिशेबनीस आहे आणि भिंतीला पुस्तकं आहेत. शाळा तुमच्या मागच्या पिढ्यांनी केली, त्याचं व्याज तुमची मुलं खातायत.

रागाने लिहीत नाहीये.

काटकोन

दहावी_ब यांना +१.

आणि माझा प्रश्न वेगळाच आहे. लेखात अण्णा आहेत, काकू आहेत, भाजीवाल्या मावशी आहेत, बसमधली सहप्रवासी मंडळीसुद्धा आहेत. बाबा कुठे आहे? 'नवरा हिंजवडीला जातो' या तीन शब्दांत त्याचं काम संपलं. ही सगळी अनस्कूलिंगची घरं बघितली की शेवटी एक बाई घरी बसलेली दिसते, लॅपटॉप मांडीवर, एक डोळा गॅसवर. मी एकटी आहे, मुलाला सांभाळून नोकरी करते. शाळा मला शिक्षणासाठी जेवढी लागते तेवढीच सकाळी सात ते दोन माझं मूल कुठेतरी सुरक्षित असावं म्हणून लागते. हे बोलायची लाज का वाटावी?

मुठाकाठ

दहावी_ब, तुमचा प्रतिसाद मी अण्णांना वाचून दाखवला. ते म्हणाले, बाई बरोबर बोलतायत.

सर्वेक्षणाचं निघालंच आहे तर सांगते. मागे आमच्या सोसायटीत दोन शिक्षिका आल्या होत्या, हातात यादी. दार अण्णांनीच उघडलं. घरात ६ ते १४ वयोगटातलं कोणी आहे का, आहे, शाळा कोणती? अण्णांनी नोकरीभर हेच काम केलेलं. भोर-वेल्ह्याच्या वस्त्यांवर पायी जाऊन, गुरांमागची पोरं गोळा करून त्यांनी पट भरला. मी आतून ऐकत होते की आता काय सांगतात. त्यांनी बाईंना आत बोलावलं, पाणी दिलं, चष्मा लावला आणि म्हणाले, दोन आहेत, लिहा. शाळाबाह्य. बाई गोंधळल्या, म्हणाल्या, आजोबा, कारण काय लिहू? त्यांच्या कागदावर स्थलांतर, बालमजुरी, भावंडं सांभाळणं, आजारपण अशी कारणं होती. आमचं एकातही बसेना. अण्णा म्हणाले, 'इतर'वर खूण करा. मग धाकट्याच्या नावातली वेलांटी बाईंनी ऱ्हस्व काढली होती, ती दीर्घ करून घेतली.

त्या दिवशी ते माझ्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी बोलले ते एवढंच, की धाकट्याचं शुद्धलेखन यापुढे मी बघतो.

तुमचं व्याजाचं वाक्य मला मान्य आहे. त्या मुलीला शाळा हवीच, आणि चांगली हवी. शाळा बंद करा असं मी कुठे म्हटलं नाही, म्हणणार नाही. पण माझ्या मुलांना शाळेत बसवून तिची शाळा सुधारते का, हे मला खरंच कळत नाही. तुम्ही म्हणाल, तुमच्यासारख्या पालकांची मुलं सरकारी शाळेत आली असती तर सुधारली असती. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

काटकोन, लाज मुळीच वाटू नये. बाबा आहे. शनिवार-रविवार मुलं पूर्ण त्याची, त्या दोन दिवसांत मी घरात असले तरी नसल्यासारखी. पंक्चर काढणं, पोहणं, गॅसचा रेग्युलेटर बदलणं, सगळं त्याच्याकडून. पण तुम्ही बोट ठेवलंय ते बरोबर जागी. माझी मिळकत आधीच्या निम्मी झाली, त्याची वाढत गेली. ही वजाबाकी कोणत्याच अनस्कूलिंगच्या कार्यक्रमात फळ्यावर लिहीत नाहीत. आम्ही आमच्यापुरतं असं केलंय की घराच्या हप्त्यातला माझा हिस्सा बंद केला आणि माझ्या नावाची गुंतवणूक त्याच्या पगारातून चालू ठेवली. भांडून केलंय.

काटकोन

भांडून केलंय हे वाचून बरं वाटलं.

आईआजी

मी सगळं वाचतेय, लिहिते थोडं. माझ्या लेकीची मुलं अशीच घरी आहेत. मला सांगायचंय ते लग्नाकार्यातलं. कार्यालयात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न, काय रे, कितवीत? पुण्यात रिक्षावाला विचारतो, दाताच्या डॉक्टरांची मदतनीस विचारते, लिफ्टमधला अनोळखी माणूस विचारतो. मुलाशी दुसरं काय बोलायचं ते मोठ्यांना माहीतच नाही. आमचा नातू पहिल्यांदा खरं सांगायचा, मी शाळेत जात नाही. त्यावर लगेच परीक्षा सुरू. सात नवे किती? भारताची राजधानी? एका मामांनी तर पंगतीत उखाणा घ्यायच्या वेळी त्याला इंग्रजीत फळांची नावं विचारली.

आता तो 'पाचवीत' म्हणतो आणि श्रीखंड खातो. माझ्या लेकीला ते खोटं बोलणं वाटतं. मला वाटतं, मुलगा हुशार झाला.

हडपसरकर

आमची गोष्ट थोडी उलटी. मुलगी दोन वर्षं घरी होती, आता पुन्हा शाळेत आहे आणि मजेत आहे. तिला घरी काही कमी पडलं असं नाही. एक दिवस म्हणाली, मला सगळ्यांबरोबर डबा खायचाय. मला रोज त्याच मैत्रिणी हव्यात. आमचा गट आठवड्यातून एकदा भेटायचा, त्या भेटीत मुलांची ओळख होईपर्यंत निघायची वेळ व्हायची. मुठाकाठ यांनी दुपारचं लिहिलंय ते वाचून मान डोलावली. मोठ्यांना एकांत आवडतो म्हणून मुलांनाही आवडेल असं नसतं.

परत जाणाऱ्यांसाठी उपयोगी: त्याच कायद्याचं कलम ४ सांगतं की शाळाबाह्य मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश द्यायचा आणि मागे पडलं असेल तर विशेष प्रशिक्षण द्यायचं. म्हणजे दहा वर्षांच्या मुलाला दुसरीत बसवू म्हणाले तर ऐकून घेऊ नका. आम्हाला एका शाळेत तसंच सांगितलं होतं, दुसऱ्या शाळेत काही त्रास झाला नाही. पहिले दोन महिने तिला फक्त एकाच गोष्टीचं नवल वाटत होतं, पाणी प्यायला विचारावं का लागतं.

टेकडीप्रेमी

अभ्यासू चर्चेत घुसतोय. शाळा नसण्याचा खरा फायदा मंगळवारी सकाळी कळतो. केळकर संग्रहालय रविवारी बघणं आणि आडवारी बघणं यात फार फरक आहे. माझी भाची घरी शिकते, तिला घेऊन गेलो तर अडकित्त्यांच्या कपाटापुढे आम्ही दोघंच. दिनकर केळकरांनी अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने हा संग्रह उभा केला, वीस हजारांच्या वर वस्तू आहेत. तिने पाऊण तास फक्त अडकित्ते बघितले आणि घरी येऊन आजीला विचारलं, आपल्याकडचा कुठे गेला? आजीने माळ्यावरून काढला. त्यावरचा गंज चिंचेने काढण्यात पुढचे दोन दिवस गेले.

कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालयही असंच. सिग्नल कसा पडतो, सांधे कसे बदलतात, हे बघताना मागून कोणी ढकलत नाही. हिवाळ्यात मुळा-मुठेकाठच्या कवडीपाटला चक्रवाक आणि शेकाटे बघायला सकाळी लवकर जावं लागतं, तेही जमतं. नदीला वास येतो, नाकाला रुमाल न्या. पक्ष्यांना त्याचं काही वाटत नाही, मुलांना वाटतं, आणि मग मैलापाणी जातं कुठे हा विषय आपोआप निघतो. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, आयुका ही खगोलशास्त्राची संस्था सगळ्यांना खुली असते, तिथे मात्र गर्दीची तयारी ठेवा.

पुस्तकांवर खर्च करायच्या आधी बालभारतीची पुस्तकं बघा, सगळी संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात. 'किशोर' मासिकाचे जुने अंकही तिथेच, १९७१ पासूनचे. भाची मराठीची पाठ्यपुस्तकं गोष्टीच्या पुस्तकासारखी वाचते, खालचे प्रश्न सोडून.

नारायणपेठी

खालचे प्रश्न सोडून तर आम्हीही वाचायचो.

मुठाकाठताई, एक खाजगीतला प्रश्न उघड विचारतो. हे सगळं चुकलं तर? म्हणजे धाकटा अठरा वर्षांचा झाला आणि म्हणाला, आई, माझ्यावर प्रयोग का केलास?

मुठाकाठ

हा प्रश्न नवरा आणि मी आलटून पालटून एकमेकांना विचारतो, बहुतेक रात्री भांडी लावताना. ज्याची पाळी उत्तर द्यायची असते तो म्हणतो, शाळेत घातलं असतं तरी विचारू शकला असता. ते उत्तर पुरेसं नाही हे दोघांनाही माहीत आहे.

म्हणून आम्ही एक केलंय. दर मे महिन्यात, शाळांचे प्रवेश चालू असतात तेव्हा, दोघांनाही वेगवेगळं बसवून विचारतो, यंदा जायचंय का? थोरलीने एकदा 'हो' म्हटलं होतं. जवळच्या एका शाळेत जाऊन आली, वर्ग बघितले, मैदान बघितलं, बाईंशी बोलली. घरी येऊन म्हणाली, चित्रकलेची खोली छान आहे पण आठवड्यातून एकच तास उघडतात. मग नको म्हणाली. यंदा काय म्हणेल माहीत नाही. तिच्या वर्गातल्या जुन्या मैत्रिणी आता सहावीत आहेत, त्यांच्या बोलण्यात रोज नव्या बाई, नवे विषय, कोण कोणाशी बोलत नाही, हे सगळं येतं आणि ती कान देऊन ऐकते. हडपसरकरांचा डबा मी विसरलेले नाही. 'हो' म्हणाली तर जाईल. कलम ४ लिहून ठेवलंय.

काकूंचं काय होणार ते मात्र माहीत नाही. त्यांच्याकडे सध्या लग्नसराईचे ब्लाउज पडलेत आणि अस्तर कापायला दुसरं कोणी नाही.

दहावी_ब

तिला सहावीत घालणार असाल तर जूनमध्ये, पटनोंदणी चालू असताना घाला. मध्येच आलेल्या मुलांना पुस्तकं आणि गणवेश मिळेपर्यंत दिवाळी येते.

आणि अण्णांना माझा नमस्कार सांगा. 'इतर'वर खूण करा म्हणणारा मुख्याध्यापक मी पहिल्यांदाच ऐकला. आम्ही तो रकाना भरताना घाबरतो, वरून फोन येतो.

चाकोरीबाहेर

एक राहिलंच. ज्यांना पुढे जातीचा दाखला किंवा पडताळणी लागणार आहे, त्यांनी आतापासून वडिलांचे, आजोबांचे शाळा सोडल्याचे दाखले शोधून ठेवा. आपल्याकडे जात आणि जन्मतारीख दोन्हीसाठी शाळेचा दाखला आधी बघतात. मुलाकडे तो नसला की मागच्या पिढ्यांचे कागद जास्तच भक्कम लागतात. आयत्या वेळी गावच्या शाळेत जाऊन जनरल रजिस्टरचा उतारा मागायचा म्हणजे दोन-तीन खेपा धराच.

काटकोन

बुधवारी टेकडीवर मुलं जमतात असं कोणीतरी दुसऱ्या धाग्यावर लिहिलं होतं. शाळेत जाणारी चालतात का? सुट्टीत आणेन म्हणते.

मुठाकाठ

चालतात की. वेताळ टेकडी, एआरएआय संस्थेच्या बाजूने वर आलं की खाणीच्या अलीकडे. सकाळी आठ-साडेआठला जमतो, ऊन चढलं की उतरतो. कार्यक्रम असा काही नसतो, मुलं दगड गोळा करतात आणि मोठी माणसं शाळांबद्दल बोलतात. मोर दिसला तर दिसला.

नारायणपेठी

मी नातवाला घेऊन आलो तर? त्याला बुधवारी शाळा असते. पण या बुधवारी त्याच्या पोटात दुखेल असा माझा अंदाज आहे.

मुठाकाठ

या. पाणी आपापलं आणा, वर मिळत नाही. आणि त्याला कितवीत म्हणून विचारणार नाही, त्याची काळजी नको.